पाय पुढे करताना

दशलक्षण पर्वाचा दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा. दरवर्षी त्या दिवशी बस्तीत आठ मदांवर प्रवचन होतं. ज्ञान, पूजा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप, रूप. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात दिलेली ही यादी मला लग्नाच्या आधीपासून पाठ आहे. ऐकता ऐकता मी मनात एकेकावर काट मारत जायची. ज्ञान? बी.ए.चं काय कौतुक करून घ्यायचं! रूप तर कधी नव्हतंच. ऋद्धी म्हणावी तर ह्यांची पेन्शन. असे आठही काटून मी समाधानाने घरी यायची.

गेल्या चातुर्मासात आमच्या घरी महाराजांचा आहार झाला. चौका लावायचा म्हणजे काय धांदल असते ते तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. माझी सून मराठ्यांच्या घरातली, मुलाने पसंत केलेली. आमच्याकडे आल्यापासून तिने मटण सोडलं, सूर्यास्ताआधी जेवायला लागली. त्या दिवशी पहाटे उठून, आंघोळ करून, उपाशीपोटी ती उभी होती. पडगाहनाचे शब्दही तिने पाठ केले होते. महाराज आत आले, पाय धुवायची वेळ झाली, तिने कलशाला हात लावला आणि मी म्हटलं, "तू बाहेर जा गं, आलेल्या लोकांकडे बघ." दहाबारा जणी होत्या. सगळ्यांनी ऐकलं. महाराजांनी काही विचारलं नव्हतं, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पाय मीच धुतले, ते पाणी कपाळाला लावलं, आणि दिवसभर फोनवर आहार कसा निरंतराय झाला ते सांगत बसले.

माघात मी मागच्या पायरीवरून घसरले आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. ते काढलं तेव्हा पायाकडे बघवेना, कातडीचे पापुद्रे, वास. सुनेने टबात कोमट पाणी आणलं, खाली बसली. मी पाय मागे ओढला. "नको, मी करीन." वाकता तर येत नव्हतं! तिला त्रास नको म्हणून ओढला असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण वेगळं होतं. तिने पाय धुतले असते तर मला तिच्याकडे बघावं लागलं असतं.

आम्ही कॅम्पात राहतो. शेजारच्या आंटी ख्रिस्ती, घरात कोकणी बोलणाऱ्या, पण आमच्याशी मराठीच. ईस्टरच्या आधीचा गुरुवार होता. त्या म्हणाल्या, "आज चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुणार, त्यात मी आहे. या बघायला." पूर्वी यात पुरुषच बसायचे. 2016 साली पोपनी बायकांनाही परवानगी दिली. मी काठी टेकत गेले. फादर गुडघ्यावर बसून एकेकाच्या पायावर पाणी ओतत, पुसत पुढे सरकत होते. परत येताना आंटी म्हणाल्या, "माझ्या टाचांना किती भेगा! शेवटच्या मिनिटाला उठून पळावं असं वाटत होतं."

घरी येऊन मी त्यांच्याकडून बायबल आणून ती गोष्ट वाचली. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात आहे. जेवताना येशू उठतो, वरचं वस्त्र काढतो, कमरेला पंचा गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुतो. ते काम तेव्हा नोकराचं. आणि लूकने लिहिलंय की त्याच जेवणात शिष्यांचं आपसात भांडण झालं, आपल्यात मोठा कोण म्हणून. पेत्र पाय द्यायला तयार होत नाही. तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, म्हणतो. वरवर नम्रता वाटते. पण येशू त्याला सांगतो की मी तुला धुतलं नाही तर तुझा माझा काही संबंध उरणार नाही. मग पेत्र दुसऱ्या टोकाला जातो, हातही धुवा, डोकंही धुवा! (आमच्यात अशा बायका आहेत. एकाशन करा म्हटलं की तीन उपवास करून दाखवतात. मीही त्यातलीच.)

आपण पाय धुतो ते आपल्याहून वरच्यांचे. त्यात मान खाली घालताना आतून मान वाढतोच, माझा वाढला होता. येशूने धुतले ते आपल्याहून खालच्यांचे, आणि त्यात यहूदाही होता, जो त्याच रात्री त्याला पकडून देणार होता. आपल्या धर्मात मान गळायला कुणी वरून मदत करत नाही, ज्याचा त्यानेच झिजवायचा असतो. त्यांच्यात तो देवाच्या हाती सोपवतात. मला आपलंच जास्त पटतं. पण आपल्या वाटेत एक सोय आहे खरी. मी झिजवला की नाही, ते ठरवणारीही मीच.

कॉलेजात 'स्मृतिचित्रे' वाचलं होतं तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांच्या विनोदाला आम्ही मुली खूप हसायचो. आता परत काढलं. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 सालचा. मधली पाच वर्षं त्या बाईने काय काय सोसलं! सोवळ्याचं वेड असलेल्या वडिलांची ही मुलगी. नवऱ्याकडे परत आली तरी आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवायची. मग एके दिवशी तिने स्वतःशीच विचार केला की जाती देवाने केल्या की माणसांनी, आणि ठरवलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बाप्तिस्मा नंतर झाला, ताट आधी सुटलं. येशूला देव मानणं कदाचित सोपं असेल. त्याच्यामागे जायचं तर आपल्या चुलीपाशी जे धरून ठेवलंय ते सोडावं लागतं, आणि नवरा कितीही मोठा कवी असला तरी ते तिच्या वतीने त्याला सोडता आलं नाही.

मी ख्रिस्ती व्हायला निघाले नाही, काळजी करू नका. पण ती यादी आता काटता येत नाही. कुल, जाती, तप, पूजा, चार तर त्या एका कलशावरच्या हातात निघाले.

क्षमावाणीच्या दिवशी मी व्हॉट्सॅपवर सगळ्यांना क्षमा मागितली होती. सुनेलाही तोच मेसेज गेला होता, बहात्तर जणांबरोबर.

यंदाही महाराज गावात आहेत. परवा सून पीठ मळत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "या वेळी पाय तू धू. मागच्या वेळी माझं चुकलं."

तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "आई, बाहेर जा म्हणालात ते सगळ्यांसमोर. चुकलं म्हणताय ते स्वयंपाकघरात."

चौका रविवारी आहे. त्याच दहाबारा जणी येणार आहेत.