आयुष्य किती, आणि कोणाचे?



मागल्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहावीतल्या एका मुलाने मला विचारले, "बाई, अमेरिकेतला एक श्रीमंत माणूस आपण मरणारच नाही म्हणतो. विज्ञानानं खरंच मरण थांबवलं, तर बुद्धांचं अनित्य खोटं ठरणार का?" मोठी माणसे हसली. दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेल्या कुटुंबातील एक ताई म्हणाल्या, "तसं औषध निघालं तर बरंच की. वडाला दोरा गुंडाळायचं आपण सोडलंय, आता गोळी घेऊ." पुन्हा हशा पिकला. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दीर्घायुष्यासाठी नवस, जप आणि उपास करण्याची सवय आपल्या घरांतून अजून पुरती गेलेली नाही, आणि आता त्याच हव्यासाला विज्ञानाचे नाव मिळू लागले आहे. म्हणून त्या मुलाचे उत्तर सावकाश द्यावे असे वाटले.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. तो माणूस म्हणजे ब्रायन जॉन्सन. २०१३ साली त्याने आपली कंपनी ८० कोटी डॉलरला विकली आणि पुढे स्वतःचे वय मागे नेण्याचा उद्योग आरंभला. त्यापायी वर्षाला सुमारे २० लाख डॉलर खर्च होतात असे सांगितले जाते. २०२३ साली त्याने आपल्या १७ वर्षांच्या मुलाच्या रक्तातील प्लाझ्मा स्वतःच्या शरीरात घेतला. काही लाभ दिसला नाही, असे त्यानेच नंतर जाहीर केले. रॅपामायसिन नावाचे एक औषध अवयवरोपण झालेल्या रुग्णांना देतात. त्याने उंदरांचे आयुष्य वाढते असे २००९ साली दिसून आले होते. जॉन्सनने ते जवळजवळ पाच वर्षे घेतले आणि २०२४ साली सोडले. कारण त्वचेचे संसर्ग होऊ लागले आणि रक्तातील साखर व चरबी बिघडली. उंदराला लागू पडले ते माणसाला लागू पडेलच असे नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

सर्वांत अधिक जगल्याची नोंद फ्रान्समधील जान काल्मां या बाईंच्या नावावर आहे. त्या १९९७ साली १२२ व्या वर्षी वारल्या. त्यानंतर या संशोधनात अब्जावधी डॉलर ओतले गेले, तरी ती मर्यादा आजवर कोणी ओलांडलेली नाही. याउलट आपल्या देशाचे सरासरी आयुर्मान स्वातंत्र्याच्या सुमारास अवघे ३२ वर्षे होते, ते आज ७० च्या आसपास आहे. ही वाढ म्हातारपण थांबवून झालेली नाही. देवीची लस, पिण्याचे शुद्ध पाणी, प्रतिजैविके, सुईणीच्या जागी आलेली शिकलेली परिचारिका, यांमुळे पाळण्यातली मुले आणि बाळंतिणी वाचल्या. आयुष्य वाढवण्याचा सर्वांत मोठा उपाय हा होता, आणि तो कोणा एका धनिकाच्या दिवाणखान्यात सापडलेला नाही.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. अनित्य याचा अर्थ माणसाने ७० व्या वर्षी मरावे असा नव्हे. जे जे कारणांनी घडले ते ते बदलते, असा त्याचा अर्थ आहे. उद्या कोणी २०० वर्षे जगला तरी त्याचे शरीर बदलेल, जिवलग दुरावतील, मन पालटेल. तेव्हा गोळी निघाली म्हणून अनित्य खोटे ठरत नाही.

मग आयुष्य वाढवणे हेच धम्माविरुद्ध आहे काय? मुळीच नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या छातीत पेसमेकर बसवण्याची वेळ आली. माझे मामा म्हणाले, "कशाला शरीरात यंत्र घालायचं? वर लिहिलंय तेवढं भोगावं आणि जावं." मामा मनाने प्रेमळ आहेत, पण हा आवाज त्यांचा नव्हता, जुन्या धर्माचा होता. लिहून ठेवणारा कोणी वर नाही, हे आपण दीक्षाभूमीवर स्वीकारले आहे. भगवान बुद्धांनी जीवक वैद्याकडून औषध घेतले. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा आहे असे संघाला बजावले. ८० व्या वर्षी त्यांनी आपल्या देहाला पट्ट्यांनी बांधून कशीबशी चालवलेल्या जुन्या गाडीची उपमा दिली. गाडीला पट्टा बांधण्यात पाप आहे असे ते म्हणाले नाहीत.

स्वीडनमध्ये १९५८ साली आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे त्यांना वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले; परंतु ते २००१ पर्यंत, ८६ वर्षे जगले. माझी आई आज नातवाला शाळेत पोहोचवते. ही करुणेने वापरलेली प्रज्ञा होय.

मग सीमा कोठे आहे? माझ्या अल्पमतीप्रमाणे दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न: हे यंत्र किंवा औषध दुःख दूर करते, की तृष्णा वाढवते? थांबणारे हृदय चालते ठेवणे हे दुःखनिवारण आहे. 'मी, माझा देह, माझे वैभव कधीच संपू नये' ही तृष्णा आहे, आणि तिला शंभर वर्षे दिली तरी ती आणखी शंभर मागेल. शिवाय शरीरात बसवलेले यंत्र माणसाला अजर करीत नाही, ते त्याला नव्या गोष्टींवर अवलंबून ठेवते. अमेरिकेतील सेकंड साइट या कंपनीने अंधांसाठी आर्गस नावाची कृत्रिम दृष्टी तयार केली. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ती डोळ्यांत बसवून घेतली. त्यांना प्रकाशाचे ठिपके आणि आकार दिसू लागले, हे लहान काम नव्हते. पण २०१९ साली कंपनीने ते यंत्र बनवणे बंद केले, २०२० साली बहुतेक कर्मचारी कमी केले, आणि ज्यांच्या डोळ्यांत यंत्र होते त्यांना दुरुस्ती मिळेना. डोळा माणसाचा, पण तो चालू ठेवणे कंपनीच्या नफ्यातोट्यावर! सर्व काही परस्परावलंबी आहे, ही बुद्धांची शिकवण याहून स्पष्ट काय दिसावी?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: हे आयुष्य कोणाचे वाढणार? समुद्रमंथनाची कथा आपण लहानपणी ऐकली. मंथन दोघांनी केले आणि अमृत मात्र एकाच पंगतीला वाढले गेले. आजचे अमृतही त्याच वाटेने निघाले आहे. उत्तरेकडील व पूर्वेकडील नऊ राज्यांच्या पाहणीवरून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आहे. या तफावतीचा उलगडा केवळ गरिबीने होत नाही, असेही त्यात दिसून आले. म्हणजे जात माणसाची वर्षे खाते.

हे मला आकड्यांतून कळलेले नाही. माझे वडील एका नगरपालिकेच्या कंत्राटदाराकडे सफाई कामगार होते. मी नववीत असताना ते गटारात उतरले आणि जिवंत वर आले नाहीत. तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. गटारातील मृत्यूंबद्दल कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. तरी माणसे अजून उतरवली जातात आणि मरतात. एका माणसाला १५० वर्षे जगवण्यासाठी प्रयोगशाळा झटतात, आणि ज्या यंत्राने गटार साफ होते ते यंत्र ४६ वर्षांच्या माणसासाठी आणले जात नाही. विज्ञानात उणीव नाही, शीलात आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात एक मोलाची शंका उपस्थित केली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही पारंपरिक कथा त्यांना पटली नाही. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण आणि मरण पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटणारे नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला तंटा हे कारण सांगितले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जरा आणि मरण हे दुःख आहेच. पण माणूस माणसाला जे दुःख देतो, ते दूर करणे हे धम्माचे पहिले काम आहे.

आणि स्वतः बाबासाहेब? मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने ते जर्जर झाले होते. त्यांनी औषधोपचार टाळले नाहीत, पण आयुष्य राखून ठेवण्यासाठी काम थांबवले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी लाखोंना दीक्षा दिली आणि ६ डिसेंबरला, ६५ व्या वर्षी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आदल्या रात्रीही त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी जवळ मागून घेतले होते.

म्हणून नव्या धम्मकुटुंबांना माझी विनंती आहे. वडाचा दोरा सोडलात, तशी तारुण्याची महागडी चूर्णे आणि गोळ्याही सोडा. घरातील थोरांचा रक्तदाब आणि साखर वेळेवर तपासून घ्या. मुलांच्या लसी चुकवू नका. डॉक्टरने यंत्र सुचवले तर नशीब म्हणून नाकारू नका. परंतु ते बिघडल्यास दुरुस्ती कोठे होईल, खर्च किती येईल, हेही विचारा. वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात औषध नसेल तर चौघांनी मिळून जाब विचारा. आणि आपल्या वस्तीतला कोणीही माणूस दोर बांधून गटारात उतरणार नाही, असा ठराव प्रत्येक विहारात करा.

आपण एकमेकांच्या नावाआधी आयुष्मान, आयुष्मती असे लावतो. तो शब्द सगळ्यांच्या बाबतीत खरा व्हावा, यासाठी जे करावे लागेल ते आपले काम आहे. त्या मुलाला मी पुढच्या रविवारी हेच सांगितले. तो म्हणाला, "बाई, मग ठरावाचा कागद मी लिहितो." त्याने तो लिहिला, आणि त्यावर पहिली सही माझ्या आईने केली.

जय भीम!