पिन काढावी की राहू द्यावी?



गेल्या महिन्यात आपल्या गायनमंडळात एक वाद झाला आणि तो आमच्यापर्यंत आला. वाद गीतांच्या निवडीवरून नव्हता, पुढच्या रांगेत कोणी उभे राहावे यावरूनही नव्हता (त्या वादांची आम्हांला सवय झाली आहे). प्रश्न एवढाच होता, की गिटार वाजवत नसताना तिची पिन काढून ठेवावी की तशीच राहू द्यावी?

झाले असे. रविवारच्या सातच्या मिस्सेत अर्पणगीत सुरू झाले आणि दुसऱ्या कडव्याला गिटारचा आवाज आधी फाटला, मग बंदच पडला. गीत कसेबसे कीबोर्डवर पूर्ण झाले. मिस्सेनंतर सॅक्रिस्टीची व्यवस्था पाहणाऱ्या काकांनी सांगितले, की शनिवारच्या सरावानंतर दोन्ही गिटार जोडलेल्याच राहिल्या होत्या आणि अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा रात्रभर जळत होता. दोन गिटारपैकी एक इलेक्ट्रिक गिटार एका मुलाची स्वतःची, दुसरी धर्मग्रामाची. कोणती बंद पडली, हे न विचारताच आम्ही त्या मुलाला चारचौघांत निष्काळजीपणाबद्दल बोललो. तो गप्प राहिला. पुढचे दोन रविवार तो खाली शेवटच्या बाकावर बसला, वर गायनमंडळात गेला नाही.

नंतर ध्वनियंत्रणा पाहणारे गृहस्थ आले. त्यांनी आम्हांला दोन्ही गिटार उघडून दाखवल्या, आणि सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान आमच्या फारसे कामी आले नाही हे येथे कबूल करतो. इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यांनी 1831 साली दाखवलेले तत्त्वच ते. त्या मुलाच्या गिटारमध्ये बॅटरी नाही. ती महिनाभर जोडून ठेवली तरी तिच्यातले काहीही खर्च होत नाही. वीज खाल्ली जाते ती अ‍ॅम्पमध्ये, आणि तीही त्याचे बटण चालू असेल तर.

धर्मग्रामाची गिटार मात्र वेगळी. तिला लाकडी पोकळ पोट आहे आणि आवाज वाढवण्यासाठी आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आहे. तिला वेगळे बटण नाही. पिन हेच बटण! पिन आत गेली की बॅटरी सुरू होते, मग समोरचा अ‍ॅम्प बंद का असेना. आठवड्याचे 168 तास. त्यांतले आपण वाजवतो जेमतेम तीन. उरलेले सगळे तास ती बॅटरी कोणासाठीही नव्हे अशी झिजत होती. आणि संध्याकाळी रोझरीनंतर ती गिटार घेऊन बसणारा, तीन कॉर्डवर समाधान मानणारा आणि पिन कधीही न काढणारा माणूस कोण, हे गायनमंडळाला ठाऊक होते. फक्त आम्हांला आठवत नव्हते.

मग आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. चूक मान्य केली. चहा झाल्यावर आम्ही म्हणालो, “बाळा, तुझ्या गिटारचा दोष नव्हता, तरीपण काढून ठेवायला काय हरकत आहे?” तो म्हणाला, “फादर, पेटीत गेलेली गिटार पेटीतच राहते. समोर जोडलेली दिसली, तर शाळेतून आल्यावर दहा मिनिटे तरी वाजवली जाते.”

आम्ही निरुत्तर झालो. प्रायश्चित्त संस्काराच्या तयारीत आपण मुलांना पापाची जवळची संधी टाळायला शिकवतो. पण सत्कर्मालाही जवळची संधी लागते, हे आपण क्वचित सांगतो. माणूस चांगली गोष्ट करीत नाही तो बहुधा दुष्टपणामुळे नव्हे. पेटी उघडा, वायर शोधा, ती सोडवा, एवढ्या कंटाळ्यामुळेच. तेव्हा पिन राहू देणे हा नेहमीच आळस नसतो.

पण हाच युक्तिवाद अ‍ॅम्पच्या बटणालाही लावावा काय? येथे आमचे मत निराळे आहे. चालू अ‍ॅम्पला दहा वॅट लागतात असे धरले, तर महिन्याला सात युनिट होतात. रक्कम किरकोळ आहे. पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या 2015 च्या परिपत्रकात अनावश्यक दिवे मालवण्यासारख्या लहान कृतींचा उल्लेख केला, तो काही बिलासाठी नव्हे. शिवाय चालू अ‍ॅम्पला जोडलेली गिटार गप्प बसत नाही. साध्या एकेरी वेटोळ्याच्या गिटारला भिंतीतल्या वायरी, ट्यूबलाइट, सगळे ऐकू येते आणि ती ते गुणगुणत राहते. ही गुणगुण मारण्यासाठी गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी एकमेकांविरुद्ध जोडलेल्या दोन वेटोळ्यांची युक्ती काढली आणि 1955 साली पेटंटसाठी अर्ज केला. वाजवणारा घरी गेला, वाद्य मात्र काहीबाही बोलते आहे! रिकाम्या चर्चमध्ये एकदा रात्री ती घूंऽऽ आम्ही ऐकली आहे. दिवा लावायला हात भिंतीवर पोहोचेपर्यंत छातीत धडधडत होते.

अ‍ॅरिस्टॉटलने एक भेद केला आणि संत थॉमस अक्वायनस यांनी तो पुढे नेला. विद्या अंगी असणे वेगळे आणि ती प्रत्यक्ष वापरणे वेगळे. झोपलेला विद्वान विद्वानच असतो. गायक मौन पाळतो तेव्हा त्याचे गायकपण कुठे जात नाही. म्हणजे सज्ज असण्यासाठी सतत पेटलेले असावे लागत नाही. दहा कुमारींच्या दाखल्यातही (मत्तय 25) शहाण्या काय आणि मूर्ख काय, दहाही जणी झोपी गेल्या. झोपेबद्दल त्यांना कोणी बोलले नाही. भेद तेलाचा होता. आपले तेल कुठे जळते आहे, याची पाच जणींना कल्पना होती.

हे लिहिताना आमचा मोबाइल उशाशी चालू आहे. तोही बॅटरी खातो, आमची झोपही खातो. पण मध्यरात्री एखाद्या घरी आजारी माणसाला तैलाभ्यंग हवा असेल, म्हणून तो चालू राहील. तेथे खर्च होतो तो कोणासाठी हे आम्हांला माहीत आहे. बाकी दिवसभर त्याच फोनवर येणारे शुभ सकाळचे संदेश कोणासाठी, हे मात्र आम्हांला अजून समजलेले नाही.

तर गायनमंडळाशी बोलून ठरले ते असे. धर्मग्रामाच्या गिटारची पिन वाजवून झाल्यावर लगेच निघेल, आणि काढण्याआधी अ‍ॅम्पचा आवाज शून्यावर येईल, नाहीतर पहिल्या बाकावरच्या आजी दचकतात. अर्धवट काढू नये. चालू अ‍ॅम्पमधली मोकळी वायर कोणाचे बोट लागताच ओरडते. वायर भिंतीच्या कडेने जाईल, कारण लहान मुलाचा पाय अडकला तर गिटार आणि मूल दोन्ही पडतात. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या, की अ‍ॅम्पचा भिंतीतला प्लगही निघेल. त्या मुलाची गिटार मात्र स्टँडवर जोडलेलीच राहील, अ‍ॅम्प बंद ठेवून. काकांना हे पटलेले नाही. ते म्हणतात, एकीला एक नियम आणि दुसरीला दुसरा, हे कसले शहाणपण? आत काय आहे ते बघून ठरवले, असे आम्ही सांगितले. ते मान हलवत मेणबत्त्या लावायला गेले.

मुलगा गेल्या रविवारी वर होता. नवी बॅटरी आम्ही आमच्या खर्चाने आणली आहे, आणखी एक सॅक्रिस्टीच्या डाव्या खणात ठेवली आहे.

आपले,
प्रमुख धर्मगुरू