आधी मुक्काम, मग मुशाफिरी

कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची लिबरल आर्ट्‌सची असोसिएट डिग्री घ्यायची आणि मग विद्यापीठात जाऊन उरलेली दोन वर्षे पूर्ण करायची, हा मार्ग कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत अजूनही जरा खालच्या आवाजात सांगितला जातो. मुलाला दुसरीकडे प्रवेश मिळाला नसेल, हा तर्क लोक आधी करतात. मला मात्र हा मार्ग मनापासून पटतो. राज्यातल्या रहिवाशांना तिथे एका युनिटची, म्हणजे श्रेयांकाची, फी ४६ डॉलर पडते. अठराव्या वर्षी ज्याचे काही ठरलेले नाही, त्याला तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, चित्रकलेचा इतिहास यांची ओळख कर्जाचा डोंगर न उभारता करून घेता येते. पण ही मोकळीक नियोजनावाचून हाती लागत नाही, आणि त्या नियोजनाचे ओझे आज भलत्याच खांद्यांवर आहे.

दोन टप्प्यांच्या या रचनेमागे एक मोठे आश्वासन होते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये आलेल्या राज्याच्या उच्च शिक्षणाच्या मास्टर प्लॅनने शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट कॉलेजे (आजची कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि बाकी सर्वांना ज्युनिअर कॉलेजांचे, म्हणजे आजच्या कम्युनिटी कॉलेजांचे, खुले दार, अशी विभागणी केली. खालून वर जाण्याची वाट मोकळी राहील, या हमीवरच ती न्याय्य ठरत होती. म्हणून ट्रान्सफर ही त्या रचनेतली सवलत नाही, तिचा नैतिक पाया आहे.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. एक मुलगी पहिल्या वर्षी सिनेमा, समाजशास्त्र, धर्मांचा इतिहास असे आवडीचे वर्ग घेते. तिसऱ्या सत्रात तिला अर्थशास्त्राची गोडी लागते. डिग्रीची ६० युनिट्स वेळेत पुरी होतील, पण अर्थशास्त्राला कॅल्क्युलस लागते आणि कॅल्क्युलसच्या आधी गणिताची आणखी एखादी पायरी असू शकते. त्यात पुढच्या फॉल सत्राचे अर्ज आदल्या वर्षी नोव्हेंबरअखेरीच्या सुमारास बंद होतात. म्हणजे ऑगस्टात कॉलेजात पाऊल टाकणाऱ्याला दोन वर्षांत बाहेर पडायचे, तर जेमतेम सव्वा वर्षात कुठे आणि कशासाठी जायचे ते ठरवावे लागते. नावाला दोन वर्षे, विचाराला मात्र एकच.

कोणता वर्ग कुठे धरला जाईल, हे ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर कळते. एका बाजूला विद्यापीठाचा विषय, समोर कॉलेजातला त्याच्या तोडीचा वर्ग. तसा वर्ग नसेल तर तशी नोंद. कोष्टके उत्तम आहेत, पण प्रत्येक कॅम्पसचे, प्रत्येक विषयाचे वेगळे. भरीला डिग्रीच्या नावातला फरक. २०१० च्या कायद्याने ज्या डिग्रीच्या पुढे ‘टी’ हे अक्षर लागले, ती घेणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या कुठल्या तरी कॅम्पसवर जागेची हमी मिळते. नुसत्या लिबरल आर्ट्‌सच्या डिग्रीला ती नाही. एका अक्षराचा हा अर्थ अठरा वर्षांच्या मुलाला कोणी समजावून सांगायचा? घरात शिकलेले आईवडील असतील, तर ते रात्री बसून कोष्टके चाळतात. संध्याकाळी दुकानात काम करणारा, घरातला पहिलाच कॉलेजात जाणारा मुलगा समुपदेशकाच्या वेळेची वाट पाहतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये अंदाज मांडला होता, की देशभरात कॉलेज बदलणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया जातात. सरकारी संस्थेतून सरकारी संस्थेत जाताना हे नुकसान कमी असते, पण असते.

इतके आखून-रेखून शिकायचे तर लिबरल आर्ट्‌सचा आत्माच हरवेल, असे काही प्राध्यापकांना वाटते. मला तसे वाटत नाही. गणित आणि इंग्रजी पहिल्या सत्रातच हातावेगळे करावे, दोन-तीन विद्यापीठे नजरेसमोर ठेवावीत आणि त्यांच्यात सामाईक असलेले वर्ग आधी घ्यावेत. मग मातीकामाचा वर्ग निर्धास्त मनाने घेता येतो. पुढची चिंता असणाऱ्याला कुतूहल परवडत नाही.

२०२५ च्या फॉलपासून दोन्ही विद्यापीठ-व्यवस्थांसाठी सामान्य शिक्षणाचा एकच, ३४ युनिट्सचा आराखडा लागू झाला आणि कॉलेजांत समान वर्ग-क्रमांकही येऊ लागले. हे फार आधी व्हायला हवे होते. विषयाची पूर्वतयारी मात्र अजून कॅम्पसगणिक बदलते. विद्यापीठाच्या विभागांनी एकत्र बसून ती एक केली पाहिजे.

आपल्याकडे भारतातही हा प्रश्न आता दारात आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय दिली, २०२१ मध्ये श्रेयांकांची बँकही आली. पण श्रेयांक जमा होणे वेगळे आणि दुसऱ्या विद्यापीठाने ते विशिष्ट विषयाखाली धरणे वेगळे. पुण्यात दोन वर्षे काढून नागपूरला जाणाऱ्या मुलीचा कोणता पेपर तिथे कशात मोजला जाईल, ते विद्यापीठांनी तिच्या पहिल्या प्रवेशाआधीच लेखी जाहीर करावे.