नाही म्हणायची सोय

मोठ्या काकांना किडनी कोणी द्यायची, यावर आमच्या इतवारीच्या घरात बैठक झालीच नाही. डॉक्टरांनी "घरातलं कोणी?" असं विचारलं, सगळ्यांनी काकूकडे पाहिलं आणि काकू म्हणाली, "माझी घ्या नं." दादाची नोकरी नवी होती, वहिनीला तान्हं बाळ होतं, बाबांना दुकान होतं. काकूला काय होतं, ते कोणी मोजलं नाही. मी बारावीत होते. मीही तिच्याकडेच पाहिलं.

भारतात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. कायद्यालाही हे ठाऊक आहे. अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४च्या नियमांत लिहिलंय की देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची संमती तिची स्वतःचीच आहे ना, याची खात्री रुग्ण सोडून दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी. नियम चांगला आहे. पण काकूला कितीही एकांतात विचारलं असतं तरी तिनं होच म्हटलं असतं. नाही म्हणून ती परत याच घरात येणार होती.

म्हणून स्टेम सेलपासून किडनी वाढवण्याबद्दल वाचते तेव्हा मला आधी काकू आठवते. जपानच्या शिन्या यामानाकांनी २००६मध्ये उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या त्वचेतल्या पेशी पुन्हा कोऱ्या करून दाखवल्या. कोरी पेशी म्हणजे शरीरातलं काहीही बनू शकेल अशी. अशा पेशींना ठराविक क्रमानं रसायनं देत ऑस्ट्रेलियात मेलिसा लिटल यांच्या गटानं २०१५मध्ये किडनीचा इवलासा नमुना, ऑर्गनॉइड, वाढवला. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या किडनीशी जुळणारा. आपल्या एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. यात त्या थोड्या आणि कच्च्या. रक्त आणणाऱ्या पक्क्या वाहिन्या नाहीत, लघवी बाहेर जायला वाट नाही. त्यावर औषधांचा विषारीपणा तपासता येतो, आनुवंशिक आजार समजून घेता येतात. माणसाला बसवता येत नाही. ('स्टेम सेलनं किडनी नवी करून देतो' म्हणत आज कोणी पैसे मागत असेल तर सरळ उठून या.)

माझी मैत्रीण म्हणते, उद्या किडनी लॅबमध्ये बनली तर देण्यातलं प्रेमच संपेल. मला नाही पटत. प्रेम होतंच, पण त्याला दुसरा रस्ता नव्हता. आणि काकांचं काय? ऑपरेशननंतर ते काकूशी भांडेनासे झाले. तीस वर्षं रोज भांडणारा माणूस! भाजीत मीठ जास्त पडलं तरी गप्प जेवायचे. काकूला ते आवडलं असेल, असं मला वाटायचं. नव्हतं आवडलं.

ती किडनी येईपर्यंत काकूसारखीला नाही म्हणता येईल असा एकच मार्ग दिसतो, मेंदूमृत माणसाचे अवयव घरच्यांनी देणं. त्यासाठी अनोळखी घराला त्यांच्या सगळ्यात वाईट दिवशी विचारावं लागतं. तेही मला सोपं वाटत नाही. पण तिथे निदान नाही म्हणता येतं.

दिवाळीत काकूला हे सगळं मोबाईलवर दाखवलं. चष्मा लावून तिनं तो फोटो मोठा करून पाहिला.

"पेशी कोणाच्या घेतील पण?"

"ज्याला हवी, त्याच्याच."

"त्याच्याच?" ती म्हणाली. "मग बरं आहे बाप्पा."