आवड हेडफोनला सांगावी

हेडफोन एवढ्यात कानावर चढवू नका. मांडीवर ठेवा, तारेचा पीळ सोडवा आणि थोडा वेळ नुसते बसा. बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीत असाल तर रात्रीचे दहा वाजून गेलेले बरे. बाजार निवलेला असतो, विणकरांच्या वस्तीतली धोट्याची खटखट थांबलेली असते. डोक्यावरचा पंखा फिरतोय, तो फिरू द्या. रोज जसं ऐकता तसंच आज ऐकायचं आहे.

आता मनाला विचारा: मला आवाज कसा आवडतो? उत्तराची घाई नको. ‘बास दणदणीत हवा’, ‘आवाज मोकळा हवा’ ही उत्तरं बहुतेक वेळा दुकानदाराची असतात. त्यांना जरा बाजूला सारा आणि मागे जा. पहिल्यांदा जीव लावून गाणं ऐकलंत ते कशावर?

आपल्या भागातल्या साठी ओलांडलेल्यांपैकी बरेच जण म्हणतील, रेडिओवर. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट जिल्हा ज्या राज्यात आहे, त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. ती भोपाळला गेली, तरी इथल्या मराठी घरांचे कान नागपूरकडेच राहिले. १९४८ साली सुरू झालेलं नागपूर आकाशवाणी केंद्र मध्यम लहरींवर लागायचं. या लहरींवर शेजारच्या केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, म्हणून आवाजाची वरची बाजू साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या आसपास कापली जाते. टाळांची किणकिण, तंबोऱ्याच्या जवारीची वरची झळाळी घरापर्यंत पोचतच नसे. पोचायचा तो गळा. अशा आवाजावर वाढलेल्या कानाला आजचा एखादा लखलखीत हेडफोन टोचला, तर त्यात नवल काय? आणि ज्याचा कान वरातीतल्या डीजेवर तयार झाला, त्याला तोच हेडफोन कोरडा वाटणार. तुमचा कान कुठे घडला, हे जरा आठवून बघा. आठवेपर्यंत थांबायला हरकत नाही.

आता तार जोडा. तारेत तांबं आहे, आपल्या मलाजखंडच्या खाणीतून निघतं तेच. महागड्या तारेतही तेच असतं, एवढं म्हणून पुढे जाऊ. खरं लक्ष ॲम्प्लिफायरकडे द्यायचं आहे: आवड हेडफोनला सांगायची, तर ॲम्प न्यूट्रल हवा.

न्यूट्रल ॲम्पने २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत प्रत्येक सूर सारख्याच पटीने मोठा करावा, पदरचं काही घालू नये. २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या चिन्नोर तांदळाचा भात ताटात आला की वरणाआधी त्याचाच वास दरवळतो. ॲम्प चिन्नोर नको, साधा भात हवा. वरण कसं झालंय ते कळलं पाहिजे. बालाघाटच्या माणसाला साध्या भाताचं कौतुक सांगणं कठीणच आहे म्हणा.

इथे जरा रेंगाळू या. न्यूट्रल असं खोक्यावर कुणीही छापतं. पारखायचा आकडा म्हणजे ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स, त्याचा स्वतःचा ओहममध्ये मोजलेला विद्युत अडथळा. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या. १९९७ पासून लोक तो ऐकताहेत. कागदावर तो ३०० ओहमचा. पण १०० हर्ट्झच्या आसपास, जिथे डग्गा घुमतो, तिथे त्याचा पडदा आपणहून डोलायला लागतो आणि ओहम ५००च्या घरात जातात. जुन्या यंत्रांवर आउटपुट इम्पीडन्स १२० ओहमही असे. अशा यंत्राला हा हेडफोन जोडला, तर जिथे तो ३०० ओहमचा आहे तिथे ७१ टक्के व्होल्टेज त्याच्या वाट्याला येतं आणि जिथे ५००चा आहे तिथे ८१ टक्के. म्हणजे डग्गा डेसिबलभर फुगतो. ॲम्पचा इम्पीडन्स १ ओहम असेल तर हाच फरक डेसिबलच्या शंभराव्या हिश्शाएवढा उरतो. तो कुणालाही ऐकू येणार नाही.

तो फुगवटा अनेकांना आवडतो. काही ट्यूब ॲम्पच्या ज्या उबेची तारीफ होते, तिच्यातला बराच भाग हा एवढा भागाकारच असतो. आवडला तर आवडला, त्यात गैर काही नाही. पण त्याच यंत्राला सपाट पडद्याचा, प्लेनर जातीचा हेडफोन जोडा. त्याचा इम्पीडन्स सगळीकडे जवळपास सारखा, त्यामुळे आवाज फक्त लहान होईल, ऊब येणार नाही. ॲम्पवर सोपवलेली आवड दर हेडफोनला अशी रूप पालटते, आणि आपल्याला नेमकं काय आवडलं होतं तेच कळेनासं होतं. म्हणून ॲम्प कोरा ठेवावा. त्याचा इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असला की पुरे. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपेक्षा कमी.

ताकदीचं थोडक्यात. एचडी ६०० एका व्होल्टला ९७ डेसिबल देतो. फोनला लावायचे छोटे डाँगलही बरेचदा एक व्होल्ट देतात. रात्री ७०-७५ डेसिबलवर गाणं ऐकणाऱ्याला, मधल्या उसळ्या धरूनही, तेवढं भागतं.

आता हेडफोन चढवा. आवाज नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा, कारण किंचित मोठं वाजणारं आपल्याला नेहमी सरस वाटतं. कुमार गंधर्वांचं एखादं ध्वनिमुद्रण लावा; नागपूर केंद्र सुरू झालं त्याच १९४८ साली ते देवासला येऊन राहिले. पहिलं मिनिटभर गाण्याकडे जाऊ नका, तंबोऱ्यांपाशीच थांबा. जवारी सळसळते आहे, की तिच्यावर पडदा पडलाय? मग शब्दांतला ‘स’ आणि ‘श’ ऐका. टोचतात का? मग डग्गा. तो कातड्यासारखा वाजतो, की नुसता गदगदतो?

पडदा जाणवला तर बेयरडायनॅमिकच्या डीटी ९९० सारखा वरच्या अंगाने उजळ हेडफोन ऐकून बघा. ‘स’ टोचला तर एचडी ६५० सारखा जरा मवाळ. डग्गा हरवला तर आधी वर बघा. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून पंख्याची घरघर आत येते आणि मंद खर्ज खाऊन टाकते. तिथे बंद पाठीचा डीटी ७७० बरा, मात्र मे महिन्यात कान उकडतील. ते ज्याचं त्याने ठरवावं.

आपली आवड चारचौघांसारखी निघाली नाही, तर बिचकू नका. शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन कंपनीत केलेल्या चाचण्यांत एकच ध्वनिवळण, म्हणजे कुठला सूर किती उचलायचा याचा एकच आलेख, सुमारे दोन-तृतीयांश श्रोत्यांना पसंत पडलं. उरलेल्यांत कुणाला खर्ज जास्त हवा होता, कुणाला कमी. तुम्ही त्या उरलेल्यांतले असाल.

ॲम्प स्वच्छ असेल तर तो बदलू नका, पुढचे पैसे हेडफोनसाठी ठेवा. आणि आवाज ८० डेसिबलच्या आत राहू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला तेवढा आवाज आठवड्याला ४० तास चालतो.