हाताचं काम आणि जन्माचं काम

प्रश्न सरळ आहे, पण आपल्या बैठकांत तो सरळ विचारला जात नाही. हाताच्या कामाचं कौतुक करावं का? टोपली विणणारी, केरसुणी बांधणारी, पायताण शिवणारी माणसं बाजारात एकमेकांना धरून राहतात, डोकं चालवून नवं काही काढतात. याला आपण, बाबासाहेबांची माणसं, काय म्हणायचं? कला म्हणायचं, की गळ्यातलं मडकं अजून सुटलं नाही म्हणायचं?

बोलणारे दोन्ही बाजूंना आहेत. एक बाजू शहरातली. तिला हातानं केलेलं सगळंच पवित्र वाटतं. प्रदर्शनात जायचं, टोपली घ्यायची आणि परंपरा जपल्याचं समाधान त्याच टोपलीत घालून घरी न्यायचं. ती टोपली विणणारीच्या पोरीची शाळा का सुटली, हे विचारायचं नाही. दुसरी बाजू आपली. रापी फेका, पुस्तक धरा. मी या दुसऱ्या बाजूचा आहे, आणि राहणार. पण आपल्या या बाजूला एक भोक आहे. हात फेकताना हातामागचं डोकंही आपण फेकून देतो. त्या भोकाबद्दल लिहितो.

कोल्हापुरीपासून सुरू करू. नाव कोल्हापूरचं, पण 2019 मध्ये भौगोलिक निर्देशांकाची जी नोंद झाली तीत आठ जिल्हे आहेत. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांतल्या कारागिराने रीतसर शिवलेलं पायताणही कोल्हापुरीच. नोंद दोन सरकारी महामंडळांच्या नावावर आहे, इकडचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि तिकडचं लिडकर. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोत अशाच चपला पुरुषांच्या पायांत घालून फिरवल्या. नाव दिलं ‘चामड्याच्या सँडल’. कोल्हापूरचं नाव नाही, कारागिराचं तर नाहीच. मग जो गजर झाला तो तुम्ही ऐकलाच असेल. आमची संस्कृती चोरली, आमचा वारसा पळवला! ज्यांच्या आज्यापणज्याने चांभाराला ओसरीवर चढू दिलं नाही, तेही ‘आमची’ म्हणून ओरडत होते. काही वकील जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलै 2025 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. नोंद ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावं, तुम्ही कोण, असा त्याचा अर्थ. मला हा प्रश्न फार आवडला. तुम्ही कोण?

कारण त्या चपलेत कोण कोण आहे ते बघा. गावातलं जनावर मेलं की ओढून नेणार महार. कातडं कमावणार ढोर. चुन्यात घालून केस काढायचे, कातड्याची पिशवी शिवायची, तीत बाभळीच्या सालीचा नि हिरड्याचा रस भरून टांगायची, दिवसेंदिवस तो वास अंगात मुरवायचा. मग ते जाणार चांभाराकडे. त्याच गावकुसाबाहेर पलीकडे मांग वाखाचे दोर वळणार, हलगी मढवणार. एका जनावराच्या कातड्याभोवती इतके हात. आणि हे हात एकमेकांचं पाणी पीत नव्हते. चांभार ढोराला खाली धरायचा, महार मांगाला, मांग महाराला. 1936 च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी मांडलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. त्याचा पुरावा शोधायला लायब्ररीत जायला नको. पायातून चप्पल काढून हातात धरा.

आता त्या चपलेकडे दुसऱ्या नजरेनंही बघा. जुन्या रीतीच्या जोडात खिळा नाही. कातडं कातड्याच्याच वादीने शिवलेलं. वरची वेणी केसासारखी बारीक पट्ट्यांची, कान, अंगठा, गोंडा, सगळं हाताच्या मापाने. चालताना करकर वाजावी म्हणून तळाच्या थरांत बी ठेवायची युक्ती कुणीतरी काढली. कुणी? नाव नाही. पुस्तकात नाही, ताम्रपटात नाही. पण कुणातरी माणसाच्या मनात आलं असेल की पायताणाला आवाज असावा. आणि ज्याने ती करकर काढली, त्यालाच पाटलाच्या वाड्यापुढून जाताना आपलं पायताण काढून हातात धरावं लागत होतं. आवाज बनवायचा आपण, वाजवायचा त्यांनी.

कोठडीतल्या कैद्याने कोळशाने भिंतीवर चित्र काढलं, म्हणून कोठडी चांगली ठरत नाही. कोठडी वाईट आहे, म्हणून चित्रही खोटं ठरत नाही. शहरातली बाजू चित्र बघून कोठडीची आरती करते. आपली बाजू कोठडी पाडताना चित्र बघायचं नाकारते. दोन्हीकडे कैदी राहिला बाजूला.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी तर हे सगळं सोडायलाच सांगितलं. सांगितलंच. 1927 च्या मार्चमध्ये महाडला त्यांनी मेलेली ढोरं ओढणं नि मृतमांस सोडायला सांगितलं. नागपूरला 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात त्यांनी ‘केसरी’तल्या लिखाणाची आठवण काढली. ढोरं ओढणं सोडल्यामुळे महारांचं शिंगांचं, कातड्याचं किती उत्पन्न बुडतं याचा हिशेब कोणी मांडत होतं. बाबासाहेबांचं उत्तर असं, की नफा एवढा असेल तर काम तुम्ही करा, वर पाचशे रुपये मी देतो. हशा झाला असेल. पण या उत्तराच्या आत एक कसोटी आहे. काम चांगलं असेल तर ते कोणीही करायला तयार असलं पाहिजे. एकाच जन्माच्या माणसाने करायचं असेल, तर ते कितीही फायद्याचं दाखवा, ती शिक्षाच. 1945 च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात ते यंत्राची बाजू घेतात. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवून त्याला फुरसत देणारी गोष्ट यंत्रच, आणि फुरसत नसेल तर संस्कृती नाही. तेव्हा ‘हातानं केलेलं तेच थोर’ हे वाक्य आपल्या तोंडात शोभत नाही. ज्याचा हात मोकळा आहे त्यानेच ते म्हणावं.

साताऱ्याचं एक सांगतो. 7 नोव्हेंबर 1900 ला भिवाचं नाव तिथल्या सरकारी हायस्कुलात घातलं. आजचं प्रतापसिंह हायस्कूल. 2017 पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. साताऱ्यात शिकताना वर्गात वेगळं बसायला त्या पोराने घरून गोणपाट न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला शिवणार नाही. तो गोणपाटही कुणीतरी हाताने शिवलेलाच असणार. हाताने शिवलेल्या वस्तूत माणुसकी आपोआप उतरत नाही, एवढंच सांगायचंय.

आता मिरजेला चला. तिथे सतारी नि तंबोरे करणारे आहेत, त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांची हत्यारं गंजली, धंदा बसला. तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांनी तेच हात लाकडाकडे वळवले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे आणायचे, वाळवायचे, कोरायचे, तारा चढवायच्या. शेवटी घोडीवर जवारी काढायची. केसाएवढं घासायचं आणि कानाने ओळखायचं की आता सूर उघडला. पुस्तकात बघून ती येत नाही, शेजारी बसून येते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला. या मंडळींना पैसा फार मिळतो अशातला भाग नाही. पण आडनाव झालं ‘सतारमेकर’. धंदा बदलायचं मनात आलं, आणि बदलला. नव्या धंद्याचं नाव पाटीवर लिहायला लाज वाटली नाही.

मांगाची हलगीही वाद्यच की. तिलाही ताव लागतो, ती तापवून सूर चढवावा लागतो, ते कानाचंच काम. तिला पाटी कुठाय? तबल्याची पुडी कातड्याचीच असते, तिच्यावर पंडिताची बोटं नाचतात. कातडं तबल्यावर चढलं की सोवळं, पायात आलं की ओवळं. म्हणजे विटाळ कातड्याला कधीच नव्हता. तो माणसाला चिकटवलेला होता.

आता एकमेकांना धरून राहण्याचं. तासगाव, विटा, कराड, कुठल्याही आठवडी बाजारात कडेकडेने फिरा. भाजीची ओळ संपते तिथे टोपल्या, सुपं, केरसुण्या, दोर सुरू होतात. जागाही तीच, कडेची. मी एकदा केरसुणी घ्यायला वाकलो तर बाई म्हणाली, “माझी भवानी झालीया. तिची न्हाई झाली अजून. तिच्याकडनं घ्या.” शेजारणीकडे बोट. दोघी एकच माल विकतात! पुढे बघत राहिलो. एक पाणी प्यायला गेली तर दुसरीने तिचा माल विकला, पैसे तिच्याच फडक्यात ठेवले. एकीने केरसुणीच्या मुठीला तांबडी चिंधी गुंडाळली होती, गिऱ्हाईक थांबत होतं. दुसरीने विचारलं, तिने सांगितलं, चिंधीही दिली. व्यापाराच्या पुस्तकात याला वेडेपणा म्हणतील. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “मग काय, पुढच्या बाजारला माझी न्हाई व्हायची एखांद्या बारी.”

हे मोठं आहे. मला तिथे मैत्री दिसली, आणि आपण मैत्री, बंधुता हे शब्द भाषणात किती सहज वापरतो तेही आठवलं. पण मी तिथे आणखी एक बघितलं. चार हात पलीकडे बांबूचं काम करणारी दुसऱ्या जातीची बाई बसली होती. तिची भवानी झाली की नाही, हे कोणी विचारलं नाही. तिनेही यांचं विचारलं नाही. चिंधी तिकडे गेली नाही.

तेव्हा आधार कुठवर जातो हे मोजायला पाहिजे. खेड्यात पूर्वी सावड होती, इर्जिक होती. ज्याच्याकडे बैल त्याची बैलवाल्याशी सावड. ज्याच्याकडे काहीच नाही तो सावडीत कुठे? आपल्या दोन जिल्ह्यांना सहकाराचं माहेरघर म्हणतात. साखर कारखाने झाले, बँका झाल्या, पुतळे झाले. पण कारखान्याचा शेअर घ्यायला ऊस लागतो, उसाला जमीन लागते, आणि जमीन लागायला बापजाद्यांचं नाव सातबाऱ्यावर लागतं. एकमेकां साह्य करणाऱ्यांची यादी आधीच लिहिलेली होती.

ही यादी कधी फुटते? माणदेशात म्हसवडला थोडी फुटली. रस्त्याच्या कडेला पालात राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाआधी ताडपत्रीसाठी पैसे साठवायचे होते. कुठलीच बँक खातं उघडेना. चेतना गाला सिन्हा यांनी बायकांना घेऊन बँकच काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण कितीतरी बायांचे अंगठे. बाया गप्प बसल्या नाहीत. लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या. साहेबांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब विचारा, तोंडी सांगतो. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. इथे बायांना जोडणारी गोष्ट जात नव्हती, रस्त्याकडेचं बसणं होतं. मिरजेच्या पलीकडे अथणीला चपलांच्या वेण्या घालणाऱ्या बायकांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी बचत गट बांधले, त्यांचा टो-होल्ड नावाचा संघ झाला. वेणी बाईने घालायची आणि सौदा पुरुषाने करायचा, ही जुनी रीत तिथे हलली. जातीची भिंत मात्र तिथल्या तिथेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीसाठी दुसरी झाकू नका.

पायताणाच्या धंद्याची आजची गत वेगळीच. 2015 मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदीचा कायदा लागू झाला, कातडं महागलं, मिळेनासं झालं. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं. त्यानंतर तिथल्या लोकांनी ढोरं उचलायचं नाकारलं आणि जमीन मागितली. महाड 1927 चं तेच वाक्य, फक्त पुढे सातबारा जोडून. आणि इकडे डिसेंबर 2025 मध्ये त्याच इटालियन कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, जोडाची किंमत सुमारे 800 युरो. म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर. काम करताना मार खायचा आणि केलेलं काम काचेच्या कपाटात, हे एकाच देशात, एकाच दशकात.

माझं म्हणणं एवढंच, की धंद्याला दोन दारं पाहिजेत. आतल्या पोराला बाहेर जाता आलं पाहिजे, वकील व्हायला, नर्स व्हायला, काहीही व्हायला. आणि बाहेरच्या पोराला आत येता आलं पाहिजे. देशपांड्याच्या पोरीने शिकावी ना वेणी! पहिलं दार आपण शिक्षणाने, आरक्षणाने, भांडून थोडं उघडलं. दुसऱ्याला कोणी हात लावला नाही. डिझाइनच्या कॉलेजातून पोरं येतात, फोटो काढतात, नमुना नेतात. बसकुरावर बसून रापी कोणी धरत नाही.

यावर माझं नि एका कार्यकर्त्या मित्राचं भांडण चालू आहे. त्याचे आजोबा ढोरकाम करायचे. तो म्हणतो, दारं दोन कशाला, आधी एकच, बाहेरचं. सगळे बाहेर पडले की आतलं घर रिकामं होऊन पडेल, पडू दे. मी म्हणतो, मग ती करकर कुणाची होती हे कोण सांगेल? तो म्हणतो, तू लिही. मी म्हणतो, लिहिण्याने चप्पल होत नाही. तो म्हणतो, तुला कातड्याचा वास माहीत नाही. हे खरं आहे, माझ्या घरात ते काम नव्हतं. विट्याच्या स्टँडवर शेवटची एसटी लागली तरी आमचं मिटलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तो मला त्याच्या आत्याकडे नेणार आहे, जिच्या परसात कमावण्याचा तो हौद अजून आहे, कोरडा.