बारा आठवडे

क्रिस्टिन कर्न्स या अमेरिकेतल्या दंतवैद्य. मधुमेह आणि हिरड्यांच्या आजारांवरच्या एका परिषदेत त्यांच्या हाती आहारसल्ल्याचं पत्रक पडलं. त्यात ‘साखर कमी खा’ एवढं साधं वाक्यही नव्हतं. किडलेले दात रोज पाहणाऱ्या या बाईंना ते खटकलं. मग त्या ग्रंथालयांमधल्या जुन्या पत्रव्यवहाराची खोकी धुंडाळू लागल्या.

त्यातून निघालेली हकीगत त्यांनी सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. १९६५ मध्ये अमेरिकी साखर उद्योगाच्या संशोधन संस्थेने हार्वर्डच्या आहारतज्ज्ञांना हृदयरोगावरच्या अभ्यासांचा आढावा लिहायला सांगितला. मोबदला ६,५०० डॉलर. तपासायचे लेख उद्योगाने पुरवले, मसुदे छपाईआधी वाचले. १९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आढावा आला. दोष चरबीवर गेला, साखर सुटली. पैसे कोणाचे, याचा उल्लेख नव्हता. तेव्हा तसा नियमही नव्हता.

त्या शास्त्रज्ञांनी आकडे खोटे रचले, असं कोणी दाखवलेलं नाही. चरबीबद्दलचं मत त्यांचं स्वतःचंही असेल. मला तर हेच जास्त काळजीचं वाटतं. साखरेला दोष देणाऱ्या अभ्यासांची झडती कडक घ्यायची आणि चरबीवरच्या अभ्यासांकडे जरा सैल हाताने पाहायचं, एवढ्यावर काम भागतं. खोटं बोलायची वेळच येत नाही.

मॅरियन नेसल या आहारतज्ज्ञांनी २०१५-१६ मध्ये वर्षभर उद्योगाच्या पैशावर झालेले अभ्यास जमवले. १६८ पैकी १५६ अभ्यासांचे निष्कर्ष पैसे देणाऱ्याच्या सोयीचे होते. पण ही मोजदाद छापून आलेल्या अभ्यासांची.

न छापलेल्यांचं काय? बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६८ ते १९७० या काळात साखर उद्योगाच्याच पैशावर उंदरांवर प्रयोग चालला होता. साखर खाणाऱ्या उंदरांमध्ये एका विकराचं प्रमाण वाढल्याचं दिसू लागलं, आणि या विकराचा संबंध मूत्राशयाच्या कर्करोगाशी असावा, असं त्या वेळी मानलं जात होतं. काम पुरं करायला संशोधकाने आणखी १२ आठवडे मागितले. ते मिळाले नाहीत. पैसा थांबला, प्रयोग थांबला आणि निष्कर्ष कुठेही छापले गेले नाहीत. ही गोष्ट जगाला कळायला २०१७ उजाडलं, तेही कर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद चाळले म्हणून.

आता लेखाच्या तळाशी ‘अर्थसाहाय्य अमुक कंपनीचं’ अशी ओळ असते. ती हवीच. पण अर्ध्यावर सोडलेला प्रयोग त्या ओळीत कसा दिसणार? म्हणून खाण्यापिण्यावरच्या प्रत्येक प्रयोगाची जाहीर नोंद तो सुरू होण्याआधीच व्हावी, आणि तो बंद पडला तर का पडला, हेही त्याच नोंदीत लिहिणं सक्तीचं असावं. औषधांच्या चाचण्यांबाबत अशा नोंदीचा आग्रह धरला जातो. ताटातल्या अन्नाला आपण त्याहून कमी का लेखतो?